लॅपटॉपच्या सुटकेसाठी एक डबा

…आणि वर मलाच विचारतात, "तू एवढी चिडतेस कशाला?" चिडतेस कशाला! तुम्हीच सांगा, सोमवारी सकाळी अकराला माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मॅडमच्या टेबलावर हवंय, आणि माझा लॅपटॉप हॉलमध्ये टीव्हीला बांधलेला आहे. जोडलेला नाही हं, बांधलेला! चिकटपट्टीने! एकदा बाबांचा पाय वायरीत अडकला, झालं, दुसऱ्या दिवशी काकांनी लॅपटॉप टेबलाला पक्का केला आणि वर चिठ्ठी लावली, 'काढू नये'. लॅपटॉप माझा, आणि काढू नये कुणी, तर मी!

सुरुवात कशी झाली सांगते. दोन महिन्यांपूर्वी टीव्हीवर सिनेमे लावायचा आमचा जुना प्लेअर बंद पडला. बाबा आले, इतके गरीब चेहऱ्याने आले की मला वाटलं काहीतरी गंभीर आहे. "बाळ, दोन दिवस देतेस का तुझा लॅपटॉप? नवा प्लेअर आणेपर्यंत?" दोन दिवस! त्या दिवसापासून संध्याकाळचे सहा वाजले की सोफा भरलाच. मधे बाबा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काका. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वरच्या मजल्यावर राहतात… राहतात कसले, झोपायला जातात वर. आणि मी? मी आतल्या खोलीत फोनवर प्रबंध लिहितेय. अंगठ्याने! तिसरं प्रकरण, बेचाळीस पानं, तळटीपांसकट, एका अंगठ्याने! डॉक्टर म्हणाले, फार मेसेज करता का? काय सांगू त्यांना?

मला काय हवं होतं हो? गाडी मागितली? बंगला? मला फक्त माझा लॅपटॉप परत हवा होता.

मग मी डोकं चालवलं. एक छोटा कॉम्प्युटर आणला. केवढा? जेवणाच्या डब्याएवढा. हा टीव्हीच्या मागे ठेवायचा, बाबांच्या सिनेमांची हार्ड डिस्क त्याला लावायची, रिमोट सोफ्यावर सोपवायचा, आणि लॅपटॉप काखेत मारून पसार व्हायचं. अर्ध्या तासाचं काम! आणि मी मूर्ख, हे बोलूनही दाखवलं. म्हटलं, "दिसायला डबा आहे, पण पूर्ण कॉम्प्युटर आहे हं काका. लॅपटॉप जे करतो ते सगळं हा करतो." कशाला बोलले मी? जीभ आवरत नाही ना.

शनिवारी सकाळी डबा टेबलावर ठेवला. तिघं येऊन उभे, ऑपरेशन बघायला आल्यासारखे. काका बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यामुळे जगातली प्रत्येक वायर ही त्यांची वैयक्तिक जबाबदारी आहे.

"आधी नकाशा काढ."

"काका, एकच वायर आहे. इथून निघते, तिथे जाते."

"आमच्याकडेही सुरुवातीला सगळे असंच म्हणायचे."

काढला! नकाशा काढला! एक चौकोन, त्यात 'डबा'. दुसरा चौकोन, त्यात 'टीव्ही'. मधे एक रेघ. काकांनी तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून तपासला आणि मग कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. वायरीच्या एका टोकाला लिहिलं 'डबा ते टीव्ही'. दुसऱ्या टोकाला लिहिलं 'टीव्ही ते डबा'. म्हणे, "उद्या मी नसलो तर कळायला नको?" दीड मीटरची वायर आहे हो! एका टोकाला उभं राहिलं की दुसरं दिसतं!

जोडलं. बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. आईने लगेच हात पदराला पुसले आणि मऊ आवाज लावला, तो खास आवाज, ताप मोजताना काढते तो… "तुला येतं ना गं हे?" येतं गं आई! "नाही, येत नसेल तर सांग, त्यात लाज कसली." अगं येतं! मी सेटिंग बघते, वायर काढून घालते, डबा उलटा करते, घाम फुटला, आणि तेवढ्यात बाबा जरा सरकून बसले आणि चित्र आलं! कसं आलं? बाबा टीव्हीच्या रिमोटवर बसले होते! टीव्ही बिचारा कधी अँटेना शोधतोय, कधी प्लेअर शोधतोय, बाबा हलतील तसा. आणि बाबा काय म्हणाले माहितीये? "बघ, शेवटी मीच लावलं."

मला फक्त माझा लॅपटॉप परत हवा होता!

चित्र आलं, तर आवाज नाही. म्हणजे टीव्हीतून येतोय, डास गुणगुणल्यासारखा, पण काकांचे ते दोन स्पीकर आहेत ना, कपाटाएवढे, ते गप्प. काका म्हणाले, "आवाज कसा, पोटात जाणवला पाहिजे." बरं. गेले सेटिंगमध्ये. आवाज टीव्हीकडे नको, स्पीकरकडे पाठव, असं सांगितलं डब्याला. गेला की आवाज! पण काकांनी आधीच स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं, काही येत नाही म्हणून. एकदम असा धडाका झाला, स्वयंपाकघरात आईच्या हातातलं झाकण पडलं, खिडकीची काच थरथरली, शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. मी विचारलं, "जाणवला का पोटात?" काका दोन मिनिटं बोलले नाहीत. दोन मिनिटं, तुम्हाला सांगते, त्या शनिवारची तेवढीच सुखाची.

मला वाटलं, संपलं. पण डिस्क उघडली आणि बघते तर काय, बाबांनी सिनेमांना नावं दिली आहेत. सिनेमाची नावं नाहीत हो, बाबांची नावं! 'काका झोपले तो.' 'पाणी गेलं होतं तो.' 'चांगला आहे पण लांब.' 'शेवट वाईट, हिला दाखवू नये.' दोनशे अकरा सिनेमे! आता हा डबा हुशार, तो नाव वाचतो आणि आपणहून त्या सिनेमाचं पोस्टर शोधून लावतो. 'पाणी गेलं होतं' याला त्याने कुठल्यातरी परदेशी वाळवंटातल्या लढाईचं पोस्टर लावलं. 'काका झोपले' याला लावला एक मुडदा, पांढऱ्या चादरीखाली!

काका बघतच राहिले. "हा मी आहे?"

"तो सिनेमा आहे, काका."

"आणि मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत ऐकत होतात," आई आतून.

अख्खी दुपार बसून मी एकेक सिनेमा उघडला, खरं नाव शोधलं, दिलं. दोनशे अकरा! पोस्टरं झकास आली, भिंत सजल्यासारखी. बाबा आले, बघितलं, आणि असे उभे राहिले जसं कुणी त्यांचं घर विकून टाकलंय. "माझे सिनेमे कुठे गेले?" हे काय बाबा, समोर! "हे माझे नाहीत. 'काका झोपले' कुठाय?" आता मला सांगा, काय करणार? रविवारी सकाळी बसून दोनशे अकरा नावं परत बदलली. मॅडमचे दोन मेसेज आले मधे. 'प्रकरण होतंय ना?' हो मॅडम, होतंय.

दुपारी तीनला डबा आपोआप बंद. पुन्हा लावला, वीस मिनिटांनी पुन्हा बंद. हात लावला तर चटका! मागे वाकून बघते… आईने त्याला टोपडं घातलंय. लोकरीचं! चारी बाजूंनी घट्ट! "उघडा पडला होता गं, धूळ बसते." आई, त्याला श्वास घ्यायचा असतो! "मग टीव्हीला कसं काही होत नाही?" कारण तू टीव्हीला लोकर घालत नाहीस! काढलं टोपडं. चार वाजता डबा चालला. चित्र आलं, आवाज आला, नावं बरोबर, चटका नाही. मी चिकटपट्टी कापली, काकांची चिठ्ठी फाडली, मागे वळून कात्री खणात ठेवली… आणि लॅपटॉप गायब!

आई घेऊन स्वयंपाकघरात. ओट्यावर उभा केलाय, मालिका लावलीय. "आई, माझा लॅपटॉप!"

"आता दोन यंत्रं झाली ना? ते दोघं मारामारीचे सिनेमे बघतात. दोन महिने माझी मालिका राहिलीय."

"मला उद्या प्रकरण द्यायचंय!"

"तुझं लिहायचं काय, कुठेही बसून होतं. माझी मालिका कुठेही दिसते का?"

मला रडूच आलं. खरंच. अंगठा दुखत होता, अकरा पानं बाकी होती. तेव्हा काका सोफ्यावरून म्हणाले, "अगं, तो डबा पूर्ण कॉम्प्युटर आहे ना? तूच म्हणालीस. लिही की इथे." आणि बाबांनी, तुम्हाला सांगते, स्वतःहून सिनेमा थांबवला. "बस बाळ. आम्ही गप्प बसतो."

बसले डब्याचा कीबोर्ड घेऊन. फोनवरचं प्रकरण डब्यात घेतलं, उघडलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर मुठीएवढं! काकांनी मोठ्याने वाचलं, "'कुटुंबातील वडीलधारे आणि तरुण मुलींचं म्हणणं…'" लगेच पुढची ओळ, "'मुलाखती दिलेल्या बहुतेक मुलींनी सांगितलं की ज्येष्ठ सदस्य त्यांचं वाक्य…' थांब थांब, हे कुणाबद्दल आहे?"

"काका, वाक्य तरी पूर्ण होऊ द्या!"

"नाही, आधी माझं ऐक…"

बाबा म्हणाले, "दादा, तिला लिहू दे. यातली 'क्रमांक सात' कोण गं? ती वडिलांबद्दल बोलते ती?" मी म्हटलं, नावं गुप्त असतात, बाबा. "नाही, बरोबर बोलते. जरा खाली घे… नको, वर घे, वाचून झालं नाही माझं." त्यांचा आवाज ऐकून आई बाहेर आली, मालिका अर्धी टाकून. हातात लॅपटॉप. दोन मिनिटं उभी राहून वाचलं, मग माझ्या शेजारी बसली आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "घे बाई तुझा. यापेक्षा हेच रंगलंय."

मिळाला! दोन महिन्यांनी! मी उठले, तर तिघं एकदम, "कुठे निघालीस? त्या क्रमांक सातचं पुढे काय होतं?"

बसले परत. आता लॅपटॉप मांडीवर आहे. त्यावर कीबोर्ड ठेवलाय… उंची अगदी बरोबर येते.