सात घरांच्या चाव्या

...नाही पण मी म्हणते, स्वेटर? बोरीवलीत? अहो, इथं डिसेंबरात पण पंखा तीनवर असतो, आणि आमच्या भिंतीपलीकडची ही संघमित्रा, एकटी मुलगी, शिकलेली, चांगली ऑफिसातली नोकरी सोडून घरात बसून काय करते, तर स्वेटर! बरं, हातात सुया घेऊन आईमावशीसारखी विणते म्हणाल तर तेही नाही. मशीन आहे बाईकडे. टेबलभर लांब, कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं सुया, वर इस्त्रीएवढं एक धूड, ते इकडून तिकडं ढकलायचं... खर्रर्र-खट! तिकडून इकडं... खर्रर्र-खट! दुपारी जरा डोळा लागतोय तोच खर्रर्र-खट! तुम्हाला सांगते, त्यापेक्षा दात काढून घेतलेला परवडला.

आणि मी काही कुणाच्या वाईटावर नसते हं. अख्ख्या बिल्डिंगला विचारा. सात घरांच्या चाव्या आहेत माझ्याकडे, सात! फ्रिजच्या वर खिळ्यांना ओळीनं. कुणाचा गॅसवाला येणाराय, कुणाचं कुरिअर, कुणाची मुलगी शाळेतून लवकर सुटलीय... नीलाकाकू आहेत ना! उगाच देतं का कुणी चावी? नवरा देतो का बायकोला मोबाईलचा पासवर्ड?

ही संघमित्रासुद्धा राहायला आली तेव्हा तिसऱ्या दिवशी चावी देऊन गेली, "काकू, असू दे तुमच्याकडे." मीही लगेच वाटीभर शिरा नेला, आणि नेला तसा सगळा फ्लॅट बघूनही आले. बघायला नको? तेव्हाच विचारलं, "अगं, पण घालतं कोण?" तर म्हणते कशी, "काकू, हे सुती असतात, पातळ. आणि इथं नाही विकत, दिल्लीला जातात." म्हणजे बघा, थंडी दिल्लीची आणि डोकेदुखी माझी!

बरं, डिझाइन करते म्हणजे काय करते? एकदा सकाळी निघाली, म्हटलं कुठं गं, तर वर्सोव्याला. कशाला, तर बोंबील बघायला! विकत घ्यायला नाही हो... बघायला! तिथं काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांसमोर दोन तास बसली, वहीत चित्रं काढली आणि आली ती थेट मशीनवर. आठवड्यानं मला बोलावते, "काकू, कसं वाटतं?" बघते तर राखाडी-गुलाबी स्वेटर, छातीवर आडव्या काठ्या, आणि त्यांना लांबच लांब विणलेले फासे लोंबतायत. मी म्हटलं, "छान आहे, वास तेवढा राहिला." हसली नाही. या लोकांना विनोद कळत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर उसवायला बसलेली! आठवडाभराचं काम! "काकू, ते ओले वाटतायत. वाळलेले वाटायला पाहिजेत." आता तुम्हीच सांगा, चपाती वातड झाली तर आपण तिची परत कणीक करतो का? खातो ना मुकाट्यानं? ही तीनदा उसवते, चौथ्यांदा विणते, आणि दर वेळी भिंतीपलीकडे माझ्या झोपेची वाट लागते!

शेवटी लिहिलीच मी तक्रार. "राहत्या घरात कारखाना चालतो, मशीन बंद करावी." सोसायटीच्या पेटीत टाकली. खाली नाव नाही घातलं, "एक त्रस्त सभासद" एवढंच. नाव कसं घालणार? शेजारधर्म असतो ना! आणि सात घरांच्या चाव्या आहेत माझ्याकडे, लोक विश्वासानं देतात, तक्रारखोर बाईकडे देतील का? सेक्रेटरी शिवदासभाऊंनी रविवारी सकाळी मिटिंग लावली.

आणि शनिवारी हीच माझ्या दारात! "काकू, मी बटणं आणायला चाललेय. प्लंबर येईल, तेवढं दार उघडून द्याल? पण टेबलापाशी कशाला हात नका लावू हं. सोमवारी सहा नग दिल्लीला जायचेत. एक जरी कमी पडला तरी ते सगळंच परत पाठवणार, आणि मग मला हे बंद करून नोकरी शोधावी लागेल." काळजी होती पोरीच्या आवाजात, ऐकू आली मला. पण त्यातलं ते "हात नका लावू" जास्त ऐकू आलं. मला? मला सांगते ही?

प्लंबर आला, गेला. मी आपली सहज टेबलापाशी. तिथं हँगरला तो बोंबील-स्वेटरचा पुढचा भाग लटकवलेला, आणि वरच्या काठाला चारपाच ओळी भडक पोपटी धागा! राखाडी-गुलाबीवर पोपटी! आता मी सहा महिने शिवणाच्या क्लासला गेलेली बाई, कच्चा टाका मला कुणी शिकवू नये. ब्लाउज झाला की कच्चा दोरा ओढून काढायचा, नाहीतर चारचौघांत हसं होतं. म्हटलं, घाईत विसरली बिचारी. दिल्लीची माणसं नावं ठेवतील! राग वेगळा, शेजारणीची अब्रू वेगळी. टोक धरलं आणि ओढला... काय सुटत आला हो! सर्रकन इकडून तिकडं, तिकडून इकडं, इतकं बरं वाटत होतं मला! मग घडी करण्याआधी आपण कपडा झटकतो ना, तसा झटकला.

झटकला... आणि बोंबील पळाले!

अहो, पायमोज्याला रेघ जाते तशी खांद्यापासून एक खाली गेली, तिच्या शेजारून दुसरी, मी इथं चिमटीत धरते तर तिथून तिसरी! दहा बोटांनी काय काय धरणार? आणि त्याच वेळी दारात संघमित्रा. हातात बटणांची पुडी.

म्हटलं, "कच्चा दोरा राहिला होता गं, म्हणून..." ती अगदी हळू बोलली. "काकू, मागचा भाग जोडेपर्यंत टाके सुटू नयेत म्हणून तो धागा होता." आणि मग, "जा तुम्ही."

एवढंच! ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला येतं. पण नुसतं "जा"? आले घरी. पाच मिनिटांत भिंतीपलीकडून सुरू, खर्रर्र-खट. त्या दुपारी मला कुणी झोप म्हटलं असतं तरी आली नसती. उलट आवाज जरा थांबला की मीच भिंतीला कान लावायची, उसवत तर नाही ना बसली परत?

रविवारी खाली जिन्यापाशी मिटिंग. संघमित्रा आलीच नाही, येणार कशी? शिवदासभाऊंनी तक्रार मोठ्यानं वाचली, आणि अक्षरन्‌अक्षर वरून पटवून देत होतं, खर्रर्र-खट! तळमजल्यावरची सिंथिया म्हणाली, "कोण पण लिवला, बरोबर लिवला बघ! संडेला पण सोडत नाय!" भाऊ म्हणाले, "मग ठराव करू. मशीन आजपासून बंद. आत्ता वर जाऊन सांगतो. हात वर करा." भराभर हात वर! माझी तक्रार, माझे शब्द, अख्खी बिल्डिंग माझ्या बाजूनं... आणि माझा एकटीचा हात खाली.

"नीलाताई? काल जिन्यात तुम्हीच तर बोलत होता!"

म्हटलं, "नाही, तसं... मशीन काही वाईट नाही... मुलगी कष्टाळू..."

सिंथिया टपलेलीच. "काय गं, काय केला तू? तुजा तोंड बघ!"

आता सांगा, काय करू? गप्प बसावं, तर वर अर्धा स्वेटर आणि मशीन बंद. बोलावं, तर सात घरांच्या चाव्या आहेत माझ्याकडे, आणि त्यातल्या सहा घरांची माणसं समोर खुर्च्यांवर! एकतर तिचं जाणार, नाहीतर माझं. वरून परत आलं, खर्रर्र-खट. आणि सुटलंच माझ्या तोंडून, "तक्रार माझी आहे. आणि तिचा स्वेटर पण मीच उसवला. चावीनं आत जाऊन. ती नको म्हणाली असताना. सोमवारपर्यंत तिला विणू द्या हो!"

वर झालेले हात एकेक करून खाली आले. मग भाऊ खाकरले, "बरं... मशीन चालू दे. पुढच्या आठवड्यापासून दुपारी दोन ते चार बंद." झाला ठराव.

आणि संध्याकाळी माझी बेल वाजायला लागली. भाऊ आले, "पुतण्या मिथुन गावाहून येतोय, त्याला चावी लागेल." मिथुन मे महिन्यात येतो, हा ऑक्टोबर! सिंथिया म्हणाली, "कुलूप बदलतेय गं." मी म्हटलं, "मग जुनी चावी कशाला?" तर म्हणे, "आठवण!" रात्रीच्या जेवणाआधी सहा खिळे मोकळे. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही, चहासुद्धा पिऊन गेले. मेल्यांनी चहात वरून साखर पण मागून घेतली!

सोमवारी सहा नग गेले. माझ्या डोळ्यांनी बघितलं, दाराच्या फटीतून. मग सातवी चावी घेतली आणि मीच गेले तिच्याकडे, म्हटलं मागायला यायची वेळ नको. दार उघडलं. डोळे सुजलेले, केसांत पोपटी दोरा. मी चावी पुढे केली. "घे बाई तुझी तू."

तिनं चावीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दार लावता लावता म्हणाली,

"राहू दे काकू. याहून वाईट तुम्ही आता काय करणार?"