हळदीची एफडी

हॅलो?… हां दादा, बोल… अरे नौपाड्याला, लॅबमध्येच, सकाळी अजून कुठे असणार मी? एक मिनिट हां… गुणाजी काका, मूठ आवळा. घट्ट. अहो सुई अजून लावलीच नाही, ओरडता कसले?… हां, बोल दादा.

बँकेत? आत्ता?… निशा पण आहे का सोबत?… बरं. मग?

माझी सही? कशावर?… जामीनदार! अरे, असं चहाला बोलावल्यासारखं काय सांगतोस… नाही नाही, ऐकते, बोल तू.

हो… हो… तुला सॅलरी स्लिप नाही, बरोबर आहे. चाळीच्या खोल्यांचं भाडं तू रोखीत घेतोस, कागदावर काय दाखवणार? म्हणून बहिणीची पगाराची पावती. कळलं… किती? सहा लाख? दोन वर्षांचे?

नाही रे, निशाच्या एमएस्सीला माझा विरोध कसा असेल? सरकारी कॉलेजच्या यादीत दोन मार्कांनी राहिली पोरगी, मला नाही का वाईट वाटलं? मायक्रोबायोलॉजी तिला जमतं. मागच्या मे महिन्यात माझ्याकडे बसलेली ना पंधरा दिवस, स्लाइड बघताना जेवायची शुद्ध नसायची तिला. शिकवच तिला. मी कर्जाबद्दल बोलतेय.

कोण म्हणालं सहा लाखांचं पॅकेज?… कॉलेजचा माणूस! दादा, मासे विकणारी कधी म्हणते का माझी कोळंबी शिळी आहे म्हणून?… हसू नको. मी एकवीस वर्षं या धंद्यात आहे. एमएस्सी झालेली पोरगी आमच्याकडे आली की पहिला पगार बावीस हजार. कंपनीत गेली तर पंचवीस, नशीब असेल तर अठ्ठावीस… हो, वाढतो. वाढतो ना, आमची हेड आहे ती साठ घेते. पण तिला बारा वर्षं लागली.

आता हप्ता सांग… बँकेच्या मॅडमना विचार, समोरच आहेत ना… शिकताना चढेल ते व्याज धरून विचार हं, नाहीतर कमी सांगतील… किती?… बघ. पंधराच्या वर. बावीसमधून पंधरा गेले. राहिले सात. त्यात रिक्षा, डबा, मोबाइल, आणि एखादा ड्रेस घेतला की संपलं. पाच वर्षं!

मी मनाचं नाही सांगत. इथे ऐश्वर्या आहे ना, माझ्या बाजूच्या टेबलावर… नाही, ती बाहेर गेलीय, ऐकत नाही. हुशार पोरगी. पुण्याला पीएचडीसाठी बोलावलं होतं तिला, गेली नाही. का? तर तिथे स्टायपेंडचे पैसे उशिरा मिळतात आणि कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो. शिकायला कर्ज काढलं आणि कर्जापायी शिकणं सोडलं. सांग आता, काय म्हणायचं याला?

तेच तर सांगते, मार्ग आहे… अरे ऐक ना. तुझी एफडी आहे ना, त्याच बँकेत? सात लाखांची?…

ती निशाच्या लग्नातल्या हळदीसाठी ठेवलीयस. माहितीये मला.

दादा, शांतपणे ऐक. एफडीवर तुला सात टक्के मिळतात, आणि कर्जाला तू अकरा भरणार. आपलेच पैसे बँकेत ठेवून वर चार टक्के बँकेला बक्षीस! सगळ्या मानपाड्यात असा हिशोब करणारा तूच असशील… नाही, एकटा नसशील, हे खरंय. आपल्यात सगळेच तसे.

लोक काय म्हणतील? दोन दिवस म्हणतील. माझ्या हळदीला गाव जेवलं ना? रात्रभर बेंजो वाजला, मांडव रस्त्यापर्यंत. मटण किती किलो होतं, आठवतंय तुला?… नाही ना? मलाही नाही. आणि लग्नानंतर बांगड्या मोडून मी लॅबचा कोर्स केला, तो आजपर्यंत मला जेवू घालतोय.

रागावू नको… मी रागावले नाही रे… बरं, थोडी रागावलेय.

एक बोलू? बाबा गेल्यावर तू मला रजिस्ट्रेशन ऑफिसात नेलंस. बाबांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र. शकू, इथे सही कर, म्हणालास. बहिणी करतात, मी पण केली. काय लिहिलंय तेसुद्धा वाचलं नाही. येताना तू मला उसाचा रस पाजलास. त्याच जमिनीचे पैसे ना हे, एफडीतले?…

नाही, मागत नाहीये. देवाशप्पथ नाही. मला एक रुपया नको. फक्त ते निशाच्या शिक्षणाला लागू दे, एवढंच म्हणते. मी एकदा सही केली तुझ्यासाठी. आज मी नाही करणार. आज तू कर.

हॅलो?… दादा?… अरे, आहेस का?… गुणाजी काका, कापूस दाबून धरा हो, सोडू नका… हॅलो?

कोण?… निशा बाय? बाबा कुठे गेले गं?… उठले? चिडून?… मग?… कुठल्या खिडकीवर?… नीट बघ, वर काय लिहिलंय… मुदत ठेव?

अगं रडतेस कशाला वेडे! एफडी मोडली म्हणून हळद मोडत नाही. नाचू की आपण, तुझ्या पहिल्या पगाराच्या पैशांनी नाचू, बेंजो मी सांगते… काय म्हणतायत? ओरडतायत का?… काय मागतायत?

पेन?

मग दे ना, उभी काय राहिलीस! ठेव तो फोन. पळ!