पिंकीच्या आधी आत्या

सिस्टर : पिंकी, सगळ्यांनी आपापल्या धर्ममातेचं नाव दिलं. तुझंच राहिलंय. पुढच्या महिन्यात बिशप येतायत दृढीकरण द्यायला, तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा पक्का करायला.

पिंकी : नाव कशाला, सोबतच घेऊन आलेय. ही माझी आत्या. मम्मी मस्कतला नर्स आहे ना, मी दुसरीत असल्यापासून हिनेच सांभाळलंय मला.

सिस्टर : या राजाबाई, बसा. दृढीकरणाच्या वेळी तुम्ही हिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभं राहायचं. तुमचं स्वतःचं दृढीकरण कुठल्या चर्चमध्ये झालं?

राजाबाई : माजं? माजं न्हाय झालं की.

पिंकी : काय? मला रोज जपमाळ करायला लावतेस, आणि तुझं दृढीकरणच नाही?

राजाबाई : बिशप गावी आलते तवा मला गालगुंड झालतं. ह्ये एवढे गाल! बिशप गालावर चापट मारत्यात, असं पोरी म्हनत हुत्या. आई म्हनली, सुजल्या गालावर चापट? घरात बस गप. मग लगीन झालं, आन् त्ये ऱ्हाऊनच गेलं.

सिस्टर : अहो, मग अडचण आहे. ज्यांचं दृढीकरण झालंय, त्यांनाच धर्ममाता होता येतं.

राजाबाई : मग तिच्या चेतनामावशीला इचारा. शिकलेली हाय.

पिंकी : मावशी वर्षातून एकदा नाताळला येते आणि विचारते, कितवीत आहेस! मला आत्याच पाहिजे. नाहीतर माझंही नाव काढा, सिस्टर.

राजाबाई : येडी का खुळी गं तू! माज्यापायी बिशपाला मागं धाडतीस व्हय?

सिस्टर : थांबा दोघी. राजाबाई, तुम्हीच दृढीकरण घ्या ना. त्याला वयाची अट नाही.

राजाबाई : ह्या पोराटोरांत? साठी आली माजी, सिस्टर! दात काढतील सगळी.

पिंकी : काढू देत. मी घरी रोज काढतेच की.

राजाबाई : आन् माज्यासंगं कोन हुबं ऱ्हानार?

सिस्टर : मी. रांगेत आधी तुम्ही, तुमच्या लगेच मागे पिंकी. तुमचं झालं की तिथंच वळायचं आणि तिची धर्ममाता व्हायचं. फादरना मी सांगते.

राजाबाई : बिशपांनी कायबाय इचारलं तर?

सिस्टर : म्हणून तर दर रविवारी वर्गाला बसायचं. मुलांच्याच बाकावर.

*

पिंकी : भाकरी थापत थापत सांग. पवित्र आत्म्याची सात दानं.

राजाबाई : सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती... आन्...

पिंकी : देवाचं भय. गेल्या रविवारीच सिस्टरनी सांगितलं ना!

राजाबाई : त्येच जिभंवर येईना बग. देवाचं भय कशाला? त्यो काय माजा सासरा हाय?

पिंकी : भय म्हणजे आदर गं.

राजाबाई : मग आदर म्हनावं की सरळ. भिऊन लई वर्सं काढली म्या.

पिंकी : आणि उद्या बिशपांसमोर? आयत्या वेळी घाबरून घरी बसशील.

राजाबाई : एवढे रविवार पोरांत बसले, आता घरी बसू व्हय? पातळ कुटलं नेसू, त्ये सांग.

(दृढीकरणाचा रविवार. मिस्सेची उपासना संपून लोक चर्चबाहेर पडतायत.)

सिस्टर : राजाबाई, अभिनंदन! बिशप एवढे का हसत होते हो?

राजाबाई : म्हनले, "बाई, एवढा उशीर केलात?" म्या म्हनलं, "तुमीच परत आला न्हाईत गावी."

पिंकी : माइक चालू होता, सिस्टर! सगळ्या चर्चने ऐकलं. मग माझी पाळी आली, आणि ही रडायलाच लागली.

राजाबाई : न्हाय रडले. बिशपांनी कपाळाला लावलेल्या त्या तेलाचा वास लई उग्र.

सिस्टर : आईला फोटो पाठवलास का गं?

पिंकी : लगेच पाठवला. तिचा फोनही आला. नुसती नाक ओढत होती.

सिस्टर : चला, मागच्या अंगणात चहा मांडलाय.

पिंकी : आत्या, बिशप केव्हाच गेले. आता खांद्यावरचा हात काढ की.

राजाबाई : असू दे. गर्दी हाय.