आमाला रान न्हाई, तर लागण कुठली?

माजं माहेर कुंडलचं. गाव मोठं, उसाचं, पण ऊस गावाचा, आमचा न्हवं. आमी त्येच्यात भांगलायला, तण काढायला जायचं, तोडीला जायचं, आणि एरवी बांधावरनं बघायचं. माजं नाव विमल. आमच्या आबांनी, म्हंजे वडलांनी, धर्म बदलला तवा घरातलं देव गाठोड्यात बांधून नदीला सोडलं आणि नदीवरनं तसंच तालुक्याला जाऊन समद्या पोरांस्नी चपला आणल्या. आई म्हणाली आवं पोरीच्या अंगावर धड झगा न्हाई आणि पायात चपला, लोक हसतील की. आबा म्हणालं, माज्या आज्ज्यानं चावडीपुढनं जाताना चपला काढून हातात धरल्या, माजी पोर त्याच चावडीपुढनं पायात घालून जाईल, हसू देत कोण हसतंय त्ये. मी गेले. चपला मोठ्या हुत्या, फट्याक फट्याक वाजायच्या, आणि मी मुद्दाम पाय आपटत जायची.

लगीन झालं आणि सांगलीत आले. आमचे हे मार्केट यार्डात हमाल, आणि मला शेजारणीनं हळदीच्या वखारीत लावलं. काम काय, तर हळदीचा ढीग पसरलेला असतो, त्यातनं हळकुंडं येगळी काढायची, गड्डं येगळं, फुटकं येगळं, चाळायचं, पोत्यात भरायचं. सोपं वाटतंय ना ऐकायला? दिसभर बसा एकदा. आणि तिथली रीत आशी, की हळद म्हंजे लक्ष्मी, चप्पल घालून तिच्या अंगावर जायचं न्हाई. दाराशी नळ, नळाखाली पाय धुवायचं, तिथंच एक गोणपाट टाकलेलं, त्येच्यावर समद्यांनी पाय पुसायचं आणि आत जायचं. ते गोणपाट उन्हाळा पावसाळा कंदी सुकलेलं मी बघितलं न्हाई. पयल्या दिवशी चप्पल काढताना मला आबांची आठवण झाली, पण समद्याच काढत हुत्या, मराठ्याची बाईबी काढत हुती, मी बी काढली. पायाचं तळवं आसं पिवळं व्हायचं की नव्या नवरीलाबी कुणी एवढी हळद लावत न्हाई.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट, घरोघरी केबल यायला लागली हुती तवाची. टाचंच्या जरा पुढं एक दाणा झाला. मला वाटलं हळकुंडाचं टोक रुतलं. दाबलं की कळ मस्तकात जायाची. बायका म्हणाल्या कुरूप हाय. कुरूप म्हंजे तुमास्नी ठावं हाय, खडाबिडा रुतून पायात घट्टा होतो त्यो. मी घरी लपवलं तर हे म्हणाले, आगं तू काय एवढी कुरूप न्हाईस, एवढंसं पायातलं कुरूप कशाला लपवती. लय हसायचा स्वभाव त्यांचा. हसत हसत ब्लेड घेऊन बसले आणि वरचं कापलं. चार दिस बरं वाटलं. मग परत वर आलं, आणि एकाच्या शेजारी दुसरं आलं.

मग काय सांगू तुमास्नी, जो येईल त्यो डागदर. एकानं सांगितलं रुईचा चीक लाव, लावला, भवतालची कातडी भाजली, ते तसंच. एकीनं सांगितलं बिब्बा गरम करून टेकव, टेकवला, पाय एवढा सुजला की मी रोजगार बुडवून घरात बसले, ते तसंच. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. मेडिकलातनं कुरपाची पट्टी आणली, ती मोज्यासारखी निघून आली आणि हळदीत हरवली, मी दुपारभर ढिगात शोधत बसले, म्हटलं गिऱ्हाइकाच्या भाजीत जायची. आणि दर बारीला वाटायचं गेलं, गेलं बया एकदाचं, आणि दर बारीला परत. उसाची पयल्यांदा कांडी लावत्यात त्येला लागण म्हणत्यात, आणि ऊस तोडला की त्याच बुडक्यातनं परत फुटतो त्यो खोडवा. तसा माज्या पायाचा खोडवा झाला हुता, जेवढं तोडावं तेवढं जोमानं फुटायचं. मला एका जागी बसवंना का उभं ऱ्हाववंना, भाकरी थापताना एका पायावर, बसची वाट बघताना दुसऱ्या पायावर, नुसती चुळबुळ. रागबी लय यायला लागला. कुणाचा, ते ठावं न्हाई.

शेवटाला सरकारी दवाखान्यात गेले. एक तरणी डागदरीणबाई हुती, शहरातली, बोलायला गोड. तिनं पाय मांडीजवळ घेतला, माजा पाय, आणि भिंगातनं बघितला. म्हणाली हे कुरूप नाही, ही चामखीळ आहे. मी म्हटलं चामखीळ मानंवर आसती, पायाला कशी. ती म्हणाली पायालाही होते, आत दबून राहते, हे काळे ठिपके दिसतात ना. आणि मग इचारलं, लागण कुठून झाली?

मला वाटलं ही रानाचं इचारती. मी म्हटलं, आवं बाई, आमची कुठली लागण? आमाला गुंठाभर रान न्हाई, आमी मार्केट यार्डात ऱ्हातो, लागण त्या बागायतदारांची. ती माज्याकडं बघायला लागली. म्हणाली नाही हो, लागण, लागण, तुम्हाला कुणाची लागली? मी म्हटलं कुणाची लागंल, आमी भांगलायला जात हुतो त्ये बी लगनाच्या आधी. तिथं पलूसकडची एक नर्स हुती, ती टेबलाला धरून खाली बसली हसून हसून. मग तिनं समजावलं, आगं मावशी, उसाची न्हवं, रोगाची लागण. एकाची दुसऱ्याला हुते ती. मी बी हसले. पण हसता हसता आत काहीतरी थांबलं. एकाची दुसऱ्याला. आमच्या माणसाला हे शब्द नवं न्हाईत.

डागदरीणबाईनं इचारलं ओल्या जागी अनवाणी फिरता का, मी गोणपाटाचं सांगितलं, तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली बायका सगळ्या त्यावरच पाय पुसतात? मग तिथूनच. तिनं ॲसिड लावलं, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि म्हणाली धीर धरा, लवकर जात नाही ही.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेले आणि समद्यांस्नी मोठ्यानं सांगितलं. का लपवायचं? बायांच्या भल्याचं हाय. म्हटलं बयांनो, हे कुरूप न्हवं, ही चामखीळ, ओल्या गोणपाटावरनं पसरती, ते फेकून देऊ या, ज्येनं त्येनं आपलं फडकं आणा. आणि त्यांनी ऐकलं काय? एवढंच, की विमलला लागण हाय.

दुपारी डबं सोडलं. माज्या शेजारी रोज इंदूआक्का बसायची. मराठ्याची, घरचा ऊस हुता पण दीर खात हुता, पोरगं मिलिटरीत, म्हणून ही वखारीत. आमी एकमेकीच्या डब्यातलं खायचो, मला तिचा खर्डा लागायचा आणि तिला माजं बोंबील, घरी जाऊन कुणाला सांगू नगं म्हणायची. त्या दुपारी ती जरा सरकून बसली. दोन बोटं आसंल. पण मला दिसलं. पल्याडच्या बाया तर पार खांबापर्यंत गेल्या.

मुकादम आला. समदी त्येला अण्णा म्हणायची. म्हणाला, विमल, तू आसं कर, उद्यापास्नं भाईर पत्र्याखाली बस, तुला तिथंच फुटकं निवडायला देतो, पाणीबी तिथं ठेवतो तुला येगळं. रागावू नगंस, रोगाचं हाय, जातीचं न्हवं.

बघा, काय म्हणाला? जातीचं न्हवं. मी तर जातीचं नावबी घेतलं नव्हतं.

माज्या आईला कुंडलात खळ्यावर येगळं बसवायचं. पाणी वरनं वतायचं, ओंजळीत. मी तिच्या पदराला धरून ते बघितलंय. आणि आता मला पत्र्याखाली येगळी कळशी. मी उठले. पायात कळ हुती, तरी उठले. म्हटलं अण्णा, जाते मी पत्र्याखाली. रोगाचं हाय ना, मग ज्येला ज्येला रोग हाय त्यो समदा माज्या संगं येऊ दे. बयांनो, दावा पाय. आणि मी खाली बसून माजा तळवा वर केला, त्या पिवळ्याधमक पायावर डागदरीणबाईनं जाळलेला काळा डाग, म्हटलं हा माजा बघा, आता तुमचा.

समद्यांनी पाय लुगड्याखाली वढलं. मग तासगावकडची शकू, लय वात्रट पोर, ती म्हणाली मर्दा, लाजायचं काय त्यात, माजी तर मांडवात बसलेल्या करवल्यांगत हारीनं हायत. आणि तिनं पाय वर केला. आणि काय सांगू, मग एकेक पाय वर. कुणी पट्टी बांधलेली, कुणी चिंधी, कुणी ब्लेडनं कापून कापून खड्डं पाडलेलं, समद्या आपापल्या घरी कुरूप कुरूप म्हणून कुरवाळत बसलेल्या. एक म्हातारी म्हणाली, मला वाटलं माज्याच नशिबाला आलं. शकू म्हणाली अण्णा, तुमी बी दावा की, म्हैनाभर लंगडताय ते गाडीवरनं पडलो म्हणून सांगताय, कुठल्या गाडीवरनं, म्हशीच्या? वखारभर हशा. अण्णाचं तोंड हळदीपेक्षा पिवळं. त्येनं पाय काय दावला न्हाई, पण म्हणाला बसा बसा, कामं करा, आणि गेला. पत्र्याखाली कोण गेलं न्हाई. कुणाकुणाला धाडणार? मग आत काय लक्ष्मी सोता हळकुंडं निवडणार हुती?

गोणपाट आमी उकिरड्यावर टाकलं. चपलांचं मालक कबूल झाला न्हाई, लक्ष्मीच्या अंगावर चामडं नगं म्हणाला, प्लास्टिकबी नगं. मग आमी जुन्या लुगड्यांचं जाड मोजं शिवलं, ते आत घालायचं आणि घरी धुवायचं. ही बी रीतच झाली आता. नव्या बाईला वाटतं ही जुनीच रीत हाय, लक्ष्मीसाठी हाय. मी सांगते, आगं लक्ष्मीसाठी न्हवं, तुज्यासाठी हाय. मला ते सांगितल्याबिगर ऱ्हाववत न्हाई.

माजी चामखीळ? लय हैराण केलं. ॲसिड, जाळणं, खरवडणं, एक जायाची तर दुसरी. डागदरीणबाईची बदली झाली, दुसरे आले, त्यांनी तेच केलं. मग मी थकले आणि नाद सोडला, आणि एक दिस पाय धुताना बघते तर न्हाईच. कशानं गेली ते मला कुणी सांगू शकलं न्हाई. कुणी म्हणालं चामखीळ जावी म्हणून देवाला मीठ वाहत्यात, तसं वाहिलं आसंल तू. मी म्हटलं माज्या घरात देवच न्हाई तर मीठ कुणाला, मीठ आमटीत जातंय.

पण एक सांगायचं ऱ्हायलं. त्या दिवशी समद्यांनी पाय दावलं, इंदूआक्कानं न्हाई. पाय लुगड्याखाली घेऊन खाली मान घालून हळकुंडं निवडत बसली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. डबा येगळा केला, मीच केला. मग लय दिसांनी एकदा नळाजवळ तिनं मला थांबवलं आणि काय न बोलता पाय वर केला. टाचभर पसरलेली, काळीनिळी. म्हटलं बया, एवढं झालं आणि त्या दिवशी तोंड का उघडलं न्हाई? म्हणाली, घरात जावा हायत, कळलं आसतं तर माजं ताट येगळं मांडलं आसतं गं विमल, मला ते सोसलं नसतं. मला लय बोलायचं हुतं. आमच्या किती पिढ्यांनी सोसलं, ते सांगायचं हुतं. तोंडापर्यंत आलं हुतं. तिच्या डोळ्याला पाणी हुतं, म्हणून म्हटलं, चल, उद्या दवाखान्यात जाऊ.

डागदरांनी ॲसिडाची काडी घेतली तशी ती मला म्हणती, विमल, माजा पाय घट्ट धर गं, मी हिसका मारीन. मी म्हटलं आक्का, आमच्या लोकांनी तुमच्या लोकांचं पाय लय धरलं, आता माज्याच्यानं न्हाई व्हायचं. हात आण हिकडं. ती तशा कळंत हसली, आणि हात आसा आवळला की माज्या बांगड्या मनगटात रुतल्या.

तिची एक जाती तर दुसरी येती, अजून समदी गेली न्हाई. जाईल न्हाईतर ऱ्हाईल, आमी जातोय. आजबी जायचं हाय, म्हणून तर मगापास्नं माजं ध्यान दाराकडं. माजा पाय बरा झाला तरी मला एका जागी बसवत न्हाई, ती सवय काय गेली न्हाई, जाऊ बी नये. तुमी लिवताय ते चांगलं लिवा, आमच्या बायांची नावं बदला, अण्णाचं बदललं न्हाई तरी चालंल. पायानं धड ऱ्हावा, लय चाला. ही बघा, आली हाक. दम म्हणून न्हाई बाईला. आले गं आक्का, आले!