आईचं काम

पैठणहून संभाजीनगरला येणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक बाई आणि एक कॉलेजची पोरगी बोलत होत्या.

“काकू, तुमच्या लेकीवरचं, प्रेरणावरचं नाटक आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंय. कॉलेजात तुमच्या घराचा सेट उभा केलाय. प्रेक्षक दुखवट्याला आल्यासारखे आत येऊन आईजवळ बसतात.”

“विहिरीत पडली त्या दिवशी ती पाण्याला कशी जाती त्यात?”

“स्वतःहून. आई नको म्हणते, तरी जाते.”

“तसं नाय झालं, दिपाली. टँकर आला नव्हता. ती म्हणली, उद्या पेपर हाय, मी नाय जात. मीच हाकललं तिला.”

“काकू, हे कुणालाच माहीत नाही.”

“आता लिव्ह.”

“लोक नावं ठेवतील तुम्हाला.”

“ठेवू दे. आईचं काम कोण करतंय?”

“मीच.”

“मग हाकलतानाचं ते जोरात बोल. मी लई जोरात बोलले होते.”