दुकानाची किल्ली

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या पोटाची दुर्बिणीतून तपासणी नुकतीच झाली होती.

"शौचाला काळं होतंय, हे मला का नाही सांगितलंत?"

"तू संधिवाताच्या गोळ्या बंद करायला लावल्या असत्यास."

"लावल्याच असत्या! जठराला जखमा झाल्या, केवढं रक्त गेलं."

"गोळीशिवाय बोटं कात्री धरत नाहीत गं. हातावर पोट आपलं."

"हात सांभाळता सांभाळता पोटच पोखरून घेतलंत."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या कायमच्या बंद. कळलं ना?"

"कळलं."

"मग काहीतरी बोला की."

"दुकानाची किल्ली तुझ्याजवळ ठेव. माझ्याकडे राहिली तर मी उघडीन."