भविष्यकाळाला हात वर

खरं तर हे सांगायचं नाही, असं काकांनी बजावलंय. ते रामघाटावर वेद शिकवतात, बाकीचे गुरुजी हसतील ना!

माझी स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती आणि वर्गात माझा आवाजच फुटत नाही. काका म्हणाले, “अगं, आमचे विद्यार्थी वेदातल्या स्वरांबरोबर हात वर-खाली करतात ना, तशी हात हलवत पाठ कर. भूतकाळाला हात खाली, वर्तमानाला मधे, भविष्याला वर.”

परीक्षेत ‘आब्लो’, म्हणजे बोलते, जमलं. ‘आब्ले’, म्हणजे बोलले, तेही जमलं. मग भविष्यकाळावर अडले! तेवढ्यात हात आपोआप वर गेला आणि ‘आब्लारे’, बोलेन, खणखणीत बाहेर पडलं.

मॅडम हसल्या. “अरे वाह! अब क्लास में भी बोलोगी न?”

मी नुसता हात वर केला.